उन्हाचे ऊन पाणी

दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी माझा लाल दिवा लागला. घरात त्या वेळी तिघे होते. आजोबा झोपले होते, आत्या घाईत होती आणि गोणपाट नावाचा कुत्रा नखशिखांत कणकेने माखलेला होता.

मित्रांनो, मी एक जुना गीझर आहे. घराच्या मागच्या न्हाणीघरात, छताजवळच्या भिंतीवर माझा मुक्काम असतो. माझ्या शेजारी एक जाळीची खिडकी आहे. ती मागच्या अंगणात उघडते, त्यामुळे अंगणातले सगळे बोलणे मला ऐकू येते. त्या दुपारच्या आधीचे तीन महिने मला कोणी दिवसाढवळ्या चालू केले नव्हते. घरातला नियमच तसा होता. त्या दिवशी तो मोडला गेला, म्हणून मी तुम्हाला ही हकीकत भिंतीवरून सांगतो आहे. नाहीतर भंगाराच्या गाडीवरून सांगावी लागली असती.

माझा जन्म कारखान्यात झाला. पोलादी पत्रा वाकवून गोल केला, सांधला आणि आतून काचेसारखा मुलामा भट्टीत भाजून चढवला. मग पोटात जोराने पाणी भरून मी कुठे गळतो का ते पाहिले. माझ्या आधीचा एक गळला. त्याला बाजूला ठेवले, पुढे त्याचे काय झाले ते कळले नाही. मी गळलो नाही. माझ्याभोवती फेसाचा जाड थर ओतला, वर पांढरा पत्रा चढवला आणि खोक्यात बंद करून मला जगात पाठवले. फेसाच्या या थराकडे पुढे कित्येक वर्षे कोणाचेही लक्ष गेले नाही. लोक माझा दिवा पाहत, नळ पाहत. तापलेले पाणी मी तासन्‌तास तापलेले ठेवू शकतो, हे कोणी पाहिले नाही.

मी या घरात आलो तेव्हा दादाचे नुकतेच लग्न झाले होते. दादा म्हणजे आत्याचा थोरला भाऊ. तो बसच्या डेपोत मेकॅनिक आहे. त्याची बायको म्हणजे वहिनी. आजोबा हे दादा आणि आत्याचे वडील. गल्लीतली मुले त्यांना आजोबा म्हणतात आणि आत्याला आत्या, म्हणून मीही तेच म्हणतो.

पहिली वर्षे कौतुकाची होती. पाहुणे आंघोळ करून बाहेर येत आणि म्हणत, "काय कडकडीत पाणी आहे हो तुमच्याकडे!" वहिनी मान डोलावी, जणू तिनेच मला लहानाचा मोठा केला होता. आजोबा मला बंब म्हणत. त्यांच्या तरुणपणी लाकडांवर पाणी तापवायचे तांब्याचे बंब असत, ते नाव त्यांनी मला देऊन टाकले.

आजोबांचे घराच्या दर्शनी खोलीत किराणा दुकान होते. त्या दुकानाचा एकच कडक नियम होता: दुकानातला माल घरात वापरायचा नाही. साखर हवी असेल तर गिऱ्हाइकासारखे समोर उभे राहायचे, गल्ल्यात पैसे टाकायचे आणि मग साखर घ्यायची. आजी हयात होती तेव्हा तिनेही असेच केले. या नियमावर दुकान चांगले चालले. पुढे आजोबांचे गुडघे बोलू लागले आणि दुकान बंद झाले. नियम मात्र त्यांच्या अंगात राहिला.

दुकान गेल्यावर घरात आत्याचा धंदा सुरू झाला. ती कुत्र्यांना आंघोळ घालते. आधी ती एका प्राण्यांच्या डॉक्टरकडे मदतनीस होती. तिथे तिच्या लक्षात आले की जो कुत्रा मालकाला चावतो तो तिच्यापुढे मुकाट उभा राहतो. मग तिने मागच्या अंगणात एक मोठा टब ठेवला, केस वाळवायचा मोठा ब्लोअर घेतला आणि माझ्या नळाला लांब पाइप जोडला. पहिल्या वर्षी चार कुत्रे येत. तिसऱ्या वर्षी संध्याकाळी फाटकापाशी रांग लागू लागली. लोक कामावरून सुटले की घरी जात आणि कुत्रा घेऊन इकडे येत.

रांग वाढली तसे विजेचे बिलही वाढले. घरात माझे नाव बदलले. बंब गेला आणि खादाड आला. वहिनी भाजी चिरता चिरता म्हणे, "तो खादाड चालू आहे का बघा." मी चालू असलो तर घरात एक उसासा ऐकू येई. मित्रांनो, तापवणे हेच माझे काम. ते केले म्हणून बोलणी खाण्याची माझी ती पहिलीच वेळ होती.

त्याच सुमारास आत्याने पैसे साठवले होते. मोठ्या रस्त्यावर एक छोटा गाळा घ्यायचा, वर पाटी लावायची आणि आपला धंदा आपल्या जागेत न्यायचा, असे तिच्या मनात होते. पण गाळ्याचे भाडे आणि विजेचे बिल यांची बेरीज केली की हातात काही उरत नव्हते. शेवटी तिने गाळ्याचा विचार सोडला आणि ते पैसे घराच्या गच्चीवर सौर पॅनल बसवायला दिले. "बिल खाली आलं की धंदा घरातच तगेल," ती दादाला म्हणाली. "नाही आलं तर?" दादाने विचारले. "नाही आलं तर मी नोकरी धरीन," ती म्हणाली. हे बोलणे खिडकीखालीच झाले. तिचा आवाज तेव्हा नेहमीपेक्षा जरा वरच्या पट्टीत होता.

पॅनल आले. बोळात भिंतीवर, गच्चीवरून किती वीज येते ते दाखवणारी एक पांढरी पेटी बसली. माझ्याच भिंतीच्या पाठीला, बाहेरच्या बाजूने, नवा मीटर लागला. हा मीटर दोन्हीकडून मोजतो. घरातून बाहेर गेलेली वीज वेगळी आणि बाहेरून आत आलेली वेगळी. बटण एकदा दाबले की आदल्या दिवशी गेलेली दिसते, दोनदा दाबले की आलेली. बसवणाऱ्या माणसाला पुढच्या घरी जायचे होते. त्याने उभ्याउभ्या सांगितले, "दिवसा तुमची गरज भागून उरली, तर वीज कंपनी विकत घेते." आजोबांनी त्या वाक्याचा शेवट तेवढा ऐकला.

विकत घेते! आजोबांचे दुकान परत उघडले.

दुसऱ्या दिवसापासून ते सकाळी चष्मा पुसून मीटरसमोर उभे राहू लागले. बटण एकदा दाबायचे आणि गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगायचे, "काल दहा गेली!" समोरच्या घरातून कोणी विचारे, "काय गेलं, आजोबा?" "माल!" आजोबा म्हणत. त्यांचे गुडघे दुखायचे थांबले नाहीत, पण त्याबद्दल बोलायचे थांबले.

दुकान आले म्हणजे नियमही आला. दुकानातला माल घरात वापरायचा नाही. दिवसा वॉशिंग मशीन नाही, इस्त्री नाही, मिक्सर नाही आणि मी तर नाहीच. दुपारी स्वयंपाकघरात वहिनी ताटलीने वारा घेत बसे. पंखा लावला की आतून आवाज येई, "विक्रीची वेळ आहे!" मावळतीनंतर घर एकदम जागे होई. मशीन घरघरू लागे, मिक्सर ओरडे, इस्त्री तापे, अंगणात ब्लोअर सुरू होई आणि मी धापा टाकत टाकी भरून पाणी तापवी. गच्चीवर तेव्हा अंधार असे. ती सगळी वीज रस्त्यावरच्या तारेतून येई.

मला स्वतःला काही कळत नव्हते. उन्हाची वीज आणि तारेची वीज यांची चव सारखीच असते.

तीन बिले आली. तिन्ही जेमतेम उतरली. तिसरे बिल आले त्या संध्याकाळी आत्या अंगणात टब घासत होती आणि दादा पायरीवर बसला होता.

"पैसे तर गच्चीवर ठेवून बसलो," दादा म्हणाला.

"माझे पैसे," आत्या म्हणाली.

"अगं, तुझे म्हणूनच बोलतोय. त्या जनावरांच्या इस्पितळाचं काय ठरवलंस?"

शहराच्या दुसऱ्या टोकाला प्राण्यांचे मोठे इस्पितळ आहे. तिथे आत्याला नोकरी देऊ केली होती. पगार ठरलेला, रजा ठरलेल्या. महिनाअखेर कळवायचे होते.

"तिथे म्हणे कुत्र्यांना नंबर असतात," आत्या म्हणाली. "सतरा नंबर आणा, अठरा नंबर न्या."

"मग? नाव काय करायचंय त्याला अंघोळीला?"

"तू बसला नंबरानेच ओळखतोस, तुला नाही कळायचं."

दादा हसला, पण थोडकेच. "बिल बघ आणि तूच ठरव," तो म्हणाला आणि आत गेला. आत्या टब घासत राहिली. टब केव्हाच स्वच्छ झाला होता.

आजोबांना बिलाचे कारण सापडले होते. ते कारण मी होतो. "एवढा माल विकतोय आपण, आणि तरी बिल? हा बंबच खातोय सगळं!" त्यांनी भंगारवाल्याला बोलावले. त्याने माझ्या पोटावर बोटांनी वाजवून पाहिले आणि एक भाव सांगितला. आजोबांनी दुप्पट मागितला. तो थोडा वर आला, आजोबा अजिबात खाली आले नाहीत. शेवटी भंगारवाला म्हणाला, "ठेवा मग, जपून ठेवा." त्या दिवशी मी वाचलो तो कोणाच्या मायेने नव्हे. सौदा फिसकटला म्हणून वाचलो.

आणि मग ती दुपार आली.

गोणपाट हा बेकरीवाल्या काकांचा कुत्रा. अंगाने मोठा, केस गोणपाटासारखे, म्हणून ते नाव. तो मैद्याच्या उघड्या पोत्यात शिरला, घाबरून पळाला आणि नळाखालच्या हौदात पडला. त्यानंतर त्याचे काय झाले असेल ते घरी पोळ्या होताना पाहणाऱ्या कोणालाही सांगता येईल. काका फाटकातून ओरडत आले.

"आत्या, याला आत्ताच्या आत्ता धुवा! वाळत चाललाय!"

"संध्याकाळी आणा ना. गरम पाणी नाही."

"संध्याकाळपर्यंत याचा पाव होईल हो!"

आत्याने गोणपाटाकडे पाहिले. त्याची शेपटी कडक झाली होती आणि ती हलवण्याचा त्याचा प्रयत्न चालू होता. मग तिने आत आजोबांच्या खोलीकडे पाहिले. तिथून घोरणे ऐकू येत होते. ती न्हाणीघरात आली आणि तिने माझे बटण दाबले.

"फार गरम नको," काका बाहेरून म्हणाले. "भाजून निघेल."

गोणपाट धुवायला पाऊण तास लागला. त्याला न्यायच्या आधी काकांनी हुंगून पाहिले आणि म्हणाले, "अजून थोडा वास येतोय. पण चांगला येतोय." ते गेले. गडबडीत आत्या माझे बटण बंद करायला विसरली. मी पुन्हा भरलो, पुन्हा तापलो, पुरता तापल्यावर माझा मी थांबलो आणि कारखान्यात घातलेला तो फेसाचा कोट पांघरून गप्प राहिलो.

संध्याकाळी सहा वाजता पहिले गिऱ्हाईक आले. आत्या बटण दाबायला आली तर ते दाबलेलेच होते आणि दिवा विझलेला होता. तिने नळ सोडला. पाणी ऊन होते. मी परत चालू होऊ नये म्हणून तिने लगेच बटण बंद केले. थंड पाणी मिसळून एक कुत्रा झाला, दुसरा झाला, तिसराही झाला. चौथ्याच्या वेळी तिने हात धारेखाली धरला आणि तसाच धरून ठेवला. पाणी अजून कोमट होते. त्या संध्याकाळी मी एकदाही वीज घेतली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीच्या पाठीमागून आजोबांचा आवाज आला. गल्लीला सांगण्याचा तो आवाज नव्हता.

"काल विक्री का पडली?"

आत्या अंगणात दात घासत होती. "मी दुपारी गीझर लावला."

"दुपारी? भर बाजाराच्या वेळी?"

"कुत्रा कणकेत पडला होता, बाबा."

"आणि तू माझा सहा युनिट माल कुत्र्यावर ओतलास!"

"आता दुसरा आकडा वाचा."

"कुठला दुसरा?"

"बटण दोनदा दाबलं की येतो तो. आलेली."

"तो खर्चाचा. विक्रीशी त्याचा काय संबंध?"

"वाचा तर खरं."

बटण दाबल्याचा आवाज आला. पुन्हा एकदा आला. मग आजोबा आधीच्या दिवसांचे आकडे काढू लागले असावेत, कारण टकटक बराच वेळ चालू होती.

"रोजच्या निम्मीच आली," ते म्हणाले.

"कारण संध्याकाळी गीझर लावलाच नाही. दुपारचं पाणी रात्रीपर्यंत पुरलं. बाबा, कंपनी आपली वीज घेते ती पाव भावात. आणि संध्याकाळी आपल्याला देते ती पुऱ्या भावात. मला एक सांगा. तुम्ही दुकानातली साखर दुपारी पाव किमतीला विकली, आणि संध्याकाळी घरच्या चहाला समोरच्या दुकानातून पुऱ्या किमतीने आणली, तर?"

"असला गाढवपणा कोण करेल?"

आत्याने चूळ भरली.

"आपण?" आजोबा म्हणाले.

"तीन महिने."

मीटरचे बटण आणखी एकदा टकटकले. मग आजोबा हळूच म्हणाले, "दुकानात घेणारा कोणीही असो, भाव एकच होता. म्हणून तो नियम चालला." आणि थोड्या वेळाने, "हा माल आधी घरात वापरायचा. उरला तर विकायचा. बरोबर?"

"बरोबर."

"मग हे मला कोणी सांगितलं का नाही?"

"तुम्ही 'विकत घेते'च्या पुढे ऐकत नव्हता, बाबा."

महिना संपायला, आणि म्हणून इस्पितळाला कळवायलाही, सत्तावीस दिवस होते. आत्याने ते मागून घेतले. आजोबांनी ते दिले आणि, खरे सांगायचे तर, स्वतःकडेच ठेवले. चूक कळलेला दुकानदार फार धोकादायक असतो. तो तोटा वसूल करायला निघतो.

त्याच आठवड्यात वायरमन आला. त्याने मला उघडले. माझ्या पोटातून घमेलेभर पांढरा क्षार निघाला. त्या थराला आधी तापवायचे आणि मग पाण्याला, असे माझे कित्येक वर्षे चालले होते. त्याने कॉइल बदलली, आत दिवा धरून पाहिले आणि म्हणाला, "मुलामा शाबूत आहे. हा काढू नका, असे आता मिळत नाहीत." मग त्याने माझे तापमान थोडे खाली आणले आणि मला एक टायमर जोडला. सकाळी साडेदहाला मी आपोआप चालू होणार आणि तीनच्या पुढे काही झाले तरी वीज घेणार नाही, असा बंदोबस्त झाला. मित्रांनो, क्षार निघाल्यावरचे पहिले पाणी मी इतके झटपट तापवले की मलाच माझे नवल वाटले.

आजोबांनी घराला नवा नियम दिला: एका वेळी एकच मोठा. गच्चीवरून जेवढी वीज एका वेळी येते तेवढ्यात माझ्यासारखा एक जण आणि वर थोडे किरकोळ भागते. मी आणि ब्लोअर आणि इस्त्री एकदम सुरू झालो, की गच्ची कमी पडते आणि वरची भर तारेतून विकत येते. म्हणून साडेनऊला वॉशिंग मशीन, साडेदहाला मी, माझा दिवा विझला की ब्लोअर, आणि सगळ्यांत शेवटी इस्त्री.

"आणि मिक्सर?" वहिनीने विचारले. "त्याचा अर्ज कुठे द्यायचा?"

"मिक्सर लहान आहे. त्याला सूट."

"आणि पंखा?"

आजोबांनी खाकरून घसा साफ केला. "पंखा दिवसभर लाव," ते म्हणाले. वहिनीने तो त्याच क्षणी पाचावर लावला आणि म्हणे त्याच्याखाली खुर्ची टाकून अर्धा तास नुसती बसली.

सगळ्यांत मोठा प्रश्न गिऱ्हाइकांचा होता. ब्लोअर दुपारी चालवायचा तर कुत्रे दुपारी यायला हवेत, आणि त्यांचे मालक तर कामावर. इथे आजोबांनी आपले सगळे आयुष्य पणाला लावले. त्यांनी दुकानाची जुनी पाटी उलटी केली, तिच्यावर रंगवले आणि फाटकाला टांगली: "उन्हाच्या वेळी ऊन पाणी. उन्हाचा भाव." अकरा ते तीन या वेळात येणाऱ्याला आंघोळ स्वस्त.

पहिले दोन दिवस कोणी आले नाही. तिसऱ्या दिवशी बेकरीवाले काका आले, कारण बेकरी दुपारी थंड असते. मग निवृत्त लोक येऊ लागले, रात्रपाळीवाले येऊ लागले. एक बाई नोकरीवर होत्या, त्यांनी सासऱ्यांच्या हाती कुत्रा पाठवला. सासरे आणि आजोबा यांचे असे जमले, की कुत्रा धुऊन वाळून झाला तरी सासरे उठेनात. गल्लीत 'उन्हाचा भाव' हा शब्दच झाला. इस्त्रीवालाही म्हणू लागला, "उन्हाच्या भावात करून देतो, दुपारी आणा."

मधे एकदा संकट आले. भर अकराला, आकाश स्वच्छ असताना, पांढऱ्या पेटीवरचा आकडा निम्म्यावर आला. "ढग नाही, काही नाही, मग माल जातो कुठे?" आजोबा गुडघ्यांवर हात ठेवत एकेक पायरी चढून गच्चीवर गेले. वरून जी आरोळी आली ती मला बंद खिडकीतूनही ऐकू आली असती. गच्चीवर दोरीला कुत्र्यांचे टॉवेल वाळत होते आणि त्यांची सावली कडेच्या एका पॅनलच्या कोपऱ्यावर पडली होती. एका ओळीत जोडलेल्या पॅनलांपैकी एकावर सावली पडली, की सगळी ओळ मंदावते.

"मग टॉवेल वाळवू कुठे?" वहिनी खालून म्हणाली. "तुमच्या डोक्यावर?"

"डोक्यावर चालतील! तिथे तसंही काही पिकत नाही. पॅनलवर नकोत!"

दोरी अंगणात आली. आजोबा वर गेलेच होते, तर त्यांनी काचेवर बोट फिरवून पाहिले. बोट काळे झाले. तेव्हापासून दर पंधरवड्याला भल्या सकाळी, काचा थंड असताना, दादा साध्या पाण्याने आणि मऊ फडक्याने पॅनल पुसतो. दुपारच्या तापल्या काचेवर गार पाणी मारायचे नाही आणि घासणी लावायची नाही, अशी त्याला ताकीद आहे. दादा म्हणतो, इतक्या प्रेमाने त्याने कधी बससुद्धा धुतली नाही.

महिनाअखेरीला दोन दिवस राहिले असताना बिल आले. दादाने ते अंगणात वाचले. मग पाठपोट करून पुन्हा वाचले.

"काय झालं?" आत्याने विचारले. तिच्या हातात साबण होता आणि साबणाखाली एक कुत्रा.

"पाचवा हिस्सा," दादा म्हणाला.

"कशाचा?"

"आधीच्या बिलाचा. त्यातही निम्मा स्थिर आकार आहे, तो तर दिवा न लावताही भरावाच लागतो." मग तो थोडा वेळ तोंडातल्या तोंडात हिशेब करत राहिला. "पॅनलचे पैसे वसूल व्हायला बारा वर्षं धरली होती आपण. असंच चाललं तर सहा."

खाली कुत्र्याने अंग झाडले. दादाच्या शर्टावर, बिलावर आणि खिडकीच्या जाळीतून थेट माझ्या पांढऱ्या पत्र्यावर फेसाचे थेंब उडाले. कोणीही त्या कुत्र्याला रागावले नाही. आतून वहिनी ओरडली, "आता तरी त्याला खादाड म्हणू नका कोणी!" मित्रांनो, हे वाक्य मी नीट लक्षात ठेवले आहे.

चार दिवसांनी वीज कार्यालयातून एक माणूस आला. बिल एकाएकी एवढे कसे उतरले, मीटर बिघडला की काय, हे तपासायला त्याला पाठवले होते. त्याने मीटर उघडला, तारा लावल्या, यंत्र धरले. आजोबा त्याच्या खांद्याला खांदा लावून उभे होते.

"मीटर ठीक आहे," तो म्हणाला. "तुम्ही सगळे गावाला गेला होता का?"

"छे हो. महिनाभर घरातच उजेड पाडत होतो," आजोबा म्हणाले.

तो गेला तेव्हा आजोबा फाटकापर्यंत त्याला सोडायला गेले आणि त्याच्या घरी कुत्रा आहे का, ते विचारून आले.

मित्रांनो, मी टाकी आहे, शहाणपण सांगणे हे माझे काम नाही. तरी एक विनंती करतो. गच्चीवर पॅनल बसले म्हणजे काम झाले असे समजू नका. ऊन असेल तेव्हा घरातली मोठी कामे उरका, एकामागून एक उरका. काचा पुसा, सावल्या हटवा, मीटरचे दोन्ही आकडे वाचा. आणि भिंतीवर कोणी जुना पाणी तापवणारा असेल, तर त्याला टाकून देण्याआधी एकदा उघडून पाहा. त्याच्या पोटात क्षार असेल. तो काढता येतो.

आत्याने इस्पितळाला महिनाअखेरच्या दिवशीच फोन केला होता. तो अंगणातूनच केला, ओल्या हातांनी. "नाही येत मी," ती म्हणाली. पलीकडून इस्पितळाच्या डॉक्टरीणबाई काहीतरी बोलत होत्या. "नाही, पगाराचं नाही. माझं इथे चाललंय." आणि शेवटी नुसते, "हो, कुत्र्यांना नावानेच हाक मारते मी." फोन ठेवल्यावर तिने एकटीनेच टाळी वाजवली. टबातल्या कुत्र्याने कान टवकारले.

काल दुपारी त्याच डॉक्टरीणबाईंचा फोन आला. आत्या येत नसेल तर इस्पितळातले कुत्रे तिच्याकडे पाठवले तर चालतील का, असे त्या विचारत होत्या. रोज सहा, अकरा ते तीनमध्ये. आत्याने सांगितले, "घरी बोलते आणि कळवते." रात्री जेवताना बोलणे झाले. सहा कुत्रे वाढले तर एका टाकीचे पाणी पुरणार नाही, यावर सगळ्यांचे एकमत झाले. त्यापुढचे मला ऐकू आले नाही, कारण तेव्हा वहिनीचा पंखा पाचावर होता.

आत्याने अजून उत्तर कळवलेले नाही. आज सकाळी दहा वाजता आजोबा टेप घेऊन न्हाणीघरात आले. त्यांनी माझ्या शेजारची रिकामी भिंत मोजली. मग स्टूल ओढून ते वर चढले आणि त्यांनी मलाही मोजले.